डिस्क वाकडी, की तिची बैठक?

पावसाळा ओसरून दसरा तोंडावर आला की दुचाकीच्या गॅरेजांत पाय ठेवायला जागा उरत नाही. चार महिने चिखलपाण्यातून हाकलेल्या गाड्या धुऊन, ऑईल बदलून, ब्रेक बघून झेंडूच्या हाराला तयार करायच्या असतात. या दिवसांत पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या दुकानांच्या रांगेत थोडा वेळ उभे राहिले की एक मागणी पुनःपुन्हा कानावर येते : "पुढची डिस्क द्या." कुणी गाडीचे मॉडेल सांगतो, कुणी जुनी डिस्क पिशवीतून काढून काउंटरवर ठेवतो. का बदलताय असे विचारले तर उत्तर ठरलेले असते, "आउट झालीय."

आउट म्हणजे फिरताना एका पातळीत न फिरणारी. ब्रेक दाबल्यावर हँडल थडथडते, लिव्हर बोटांना ठोके देतो, किंवा ब्रेक न दाबताही पुढच्या चाकातून घासल्याचा आवाज येत राहतो. तक्रार खरी असते. मेकॅनिकचे निदानही पूर्ण खोटे नसते, कारण डिस्क डुलताना डोळ्यांना दिसते. पण डुलणारी डिस्क वाकडीच असते असे नाही. ती सरळ असून वाकड्या जागी बसवलेली असू शकते. चाकाचे बेरिंग, हबचा पृष्ठभाग, एक्सल, स्पेसर, शॉकअप, कॅलिपर या साखळीतली कुठलीही कडी चुकली तरी दोष डिस्कच्याच अंगावर उमटतो. म्हणून गिऱ्हाईक नवी डिस्क घालतो, काही आठवडे गाडी बरी चालते आणि थडथड परत येते. हे चक्र मी इतक्या गॅरेजांत पाहिले आहे की आता मला त्याची चीड येते. पैशांपेक्षा अधिक याची, की मधल्या काळात माणूस त्याच ब्रेकवर घाट उतरत असतो.

डिस्क ब्रेकची रचना उघड्यावर मांडलेली आहे. लिव्हर दाबला की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑईल कॅलिपरच्या पिस्टनला ढकलते, पिस्टन पॅडला आणि पॅड डिस्कला. ड्रम ब्रेकमध्ये लायनर मागे ओढायला स्प्रिंग असते. इथे तशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी सील बसवलेली असते. दाबाखाली ती किंचित पिळवटते, आणि दाब गेला की मूळ आकारात येताना पिस्टनला मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतके मागे घेते. पॅड आणि डिस्क यांच्यात जी काही मोकळीक असते ती एवढीच. त्यामुळेच बहुतेक कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये डिस्कच्या डुलण्याची मर्यादा ०.१ ते ०.३ मिलिमीटर इतकी दिलेली आढळते. वहीचे एक पान साधारण ०.१ मिलिमीटर जाड असते. एक ते तीन पानांच्या जाडीत इथला सगळा निवाडा होतो, आणि तो नुसत्या नजरेने करता येत नाही.

डिस्कची कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी मोटारीसाठी तिचे पेटंट १९०२ मध्ये घेतले होते. मोटारसायकलवर मोठ्या प्रमाणात ती आणली होंडाच्या सीबी ७५० ने, १९६९ मध्ये. आपल्याकडे १९९९ ची हिरो होंडा सीबीझी आणि २००१ ची बजाज पल्सर या गाड्यांनी पुढची डिस्क तरुणांच्या डोळ्यांत भरवली. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. एका पिढीच्या आत गाडी बदलली, पण गॅरेजमधली सवय ड्रमच्या काळातली राहिली. ड्रममध्ये लायनर घासला की बदलायचा, केबल ताणायची, झाले. तिथे मोजायला फारसे काही नसायचे. डिस्कला मोजमाप लागते.

मोजमाप कसे करतात हे मला नीट दाखवले एका वयस्क मेकॅनिकने. पूर्वी ते भोसरीतल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. कारखाना सुटल्यावर त्यांनी गॅरेज टाकले आणि येताना डायल गेज वापरायची सवय बरोबर आणली. नाव छापू नका, गर्दी वाढेल, म्हणाले. त्यांच्याकडे मी बसलो असताना खाद्यपदार्थ पोचवणारा एक मुलगा दीडशे सीसीची गाडी घेऊन आला.

"काका, ब्रेक दाबला की हँडल थडथडतंय. डिस्क नवीन टाकलीय, पॅडपण नवीन आहेत."

"नवीन कधी टाकली?"

"महिना-दीड महिना झाला. तेव्हा बरी झाली होती. आता परत."

"आणि त्याच्या आधी चाकाला हात कुणी लावला होता?"

मुलाला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. थोडा विचार करून तो म्हणाला, "मॅगव्हीलला काळा कलर मारून घेतला होता. गणपतीच्या आधी."

काकांनी मान डोलावली आणि गाडी मेन स्टँडवर घेतली. निदानाची सुरुवात पान्याने होत नाही, कधीपासून आणि कशानंतर या दोन प्रश्नांनी होते. पंक्चर काढल्यानंतर, टायर बदलल्यानंतर, बेरिंग टाकल्यानंतर, गाडी पडल्यानंतर, चाक रंगवल्यानंतर, अशा प्रत्येक उत्तराबरोबर शोधाची दिशा बदलते. कुठल्याही कामाशिवाय हळूहळू वाढत गेलेला त्रास असेल तर दिशा आणखी वेगळी.

इंजिनखाली जॅक देऊन पुढचे चाक अधांतरी केले. मग चाक वर-खाली धरून हलवून पाहिले. इथे खटखट लागली तर चाकाचे बेरिंग सैल. मग शॉकअपची खालची टोके धरून मागे-पुढे ओढली. इथे ढिलाई लागली तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेरिंग, सैल, आणि सैल कोनसेट हा डिस्कचा मोठा बदनामीकार आहे, कारण ब्रेकची किरकोळ थरथरही तो हँडलपर्यंत वाढवून पोचवतो. दोन्ही घट्ट निघाले. मग चाक हाताने फिरवले. घासल्याचा आवाज एका फेऱ्यात एकदाच येत होता, सलग नव्हता. हा फरक महत्त्वाचा. डिस्क कॅलिपरच्या मधोमध नसून संपूर्णच एका बाजूला सरकलेली असेल तर आवाज सलग येतो. डुलत असेल तर ठेक्यात येतो.

मग कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो तारेने हँडलला टांगला. होजवर लोंबकळू द्यायचा नाही, आणि तो बाहेर असताना लिव्हर चुकूनही दाबायचा नाही, नाहीतर पिस्टन बाहेर येतो. चाक पुन्हा फिरवले. आवाज गेला, म्हणजे तो बेरिंगचा नव्हता.

आता डायल. त्याचा काटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवतो, पण तो धरून ठेवायला पक्का आधार लागतो. मॅग्नेटिक स्टँड आणला तरी बहुतेक गाड्यांच्या शॉकअपची खालची नळी अॅल्युमिनियमची असते आणि तिला चुंबक चिकटत नाही. अनेक मेकॅनिक इथेच नाद सोडतात. काकांनी लोखंडी पट्टीचा एक तुकडा भोके पाडून तयार ठेवला आहे. कॅलिपरच्या रिकाम्या भोकांत ती पट्टी बोल्टने कसायची आणि तिच्यावर स्टँड चिकटवायचा. डायलचे टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून थोडे आत, पॅड जिथे घासतो त्या पट्ट्यावर टेकवायचे. चाक एका बाजूला हलके दाबून धरत सावकाश फिरवायचे, नाहीतर बेरिंगमधली किंचित मोकळीकही डिस्कच्या खात्यावर मोजली जाते.

काटा ०.३५ मिलिमीटर फिरला. सर्वांत उंच जागी त्यांनी मार्करने खूण केली. ती खूण व्हॉल्व्हच्या समोर आली.

"डिस्क नवी आहे," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात दुकानदाराने फसवल्याची शंका होती.

"असू दे. आता तिलाच विचारू."

यानंतर जे झाले ते मला या साऱ्या विद्येचे सार वाटते. त्यांनी डिस्कचे सहा बोल्ट काढले, डिस्क अर्धा फेरा फिरवली आणि त्याच चाकावर, त्याच भोकांत पुन्हा बसवली. बोल्ट एकाआड एक, समोरासमोर कसले, टॉर्क पान्याने. पुन्हा डायल. आता दोनच शक्यता होत्या. उंचवटा डिस्कबरोबर फिरून व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूला गेला असता तर डिस्क वाकडी. जिथल्या तिथे राहिला तर चाक. काटा ०.३३ वर गेला, आणि उंच जागा पुन्हा व्हॉल्व्हसमोरच. मार्करची जुनी खूण मात्र पलीकडे गेली होती. नवी डिस्क निर्दोष सुटली, आणि तिच्याआधी भंगारात गेलेलीही बहुधा निर्दोषच होती.

डिस्क काढून हबकडे पाहिले तर कारण बोटाला लागले. पावडर कोटिंग करताना डिस्क जिथे टेकते तो गोल पृष्ठभाग झाकून ठेवायचा असतो. तो झाकला नव्हता. पावडर कोटिंगचा थर साधारण साठ ते शंभर मायक्रॉनचा असतो, आणि इथे एका बाजूला तो ओघळून आणखी जाड झाला होता. एवढ्याशा थराने काय होणार असे वाटेल, म्हणून हिशेब मांडतो. डिस्कचे बोल्ट समजा शंभर मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत आणि डिस्क २४० मिलिमीटरची आहे. बोल्टजवळ एका बाजूला ०.१ मिलिमीटरचा उंचवटा असेल तर डिस्क तेवढी कलते, आणि कडेला तो कल जवळजवळ अडीचपट होऊन ०.२४ मिलिमीटर भरतो. गंजाचा पापुद्रा, जुन्या थ्रेडलॉकचा वाळलेला थेंब, भोकाभोवती उठलेला धातूचा काठ, यातले काहीही डिस्कखाली राहिले तरी असेच घडते. काकांनी रंग खरवडला, पृष्ठभाग पॉलिश पेपरने साफ केला, आटे स्वच्छ केले, डिस्क बसवली. डायलवर ०.०६.

मग महिनाभर गाडी बरी का चालली? हा प्रश्न मुलाने विचारला नाही, मी विचारला, आणि त्याचे उत्तर या विषयातले सर्वांत उपयोगी ज्ञान आहे. लहान दुचाकींवर बहुधा सरकता कॅलिपर असतो. पिस्टन एकाच बाजूला असतात आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड ओढून घेतो. डिस्क थोडी डुलली तरी कॅलिपर तिच्याबरोबर डुलतो, लिव्हरला फारसे कळत नाही. पण ब्रेक सोडलेला असताना डिस्कचा उंच भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला चाटून जातो. सतरा इंची चाकाचा घेर टायरसकट सुमारे १.९ मीटर. ताशी साठच्या वेगाला ते सेकंदाला जवळपास नऊ फेरे घेते. म्हणजे सेकंदाला नऊ वेळा तीच जागा घासली जाते. काही हजार किलोमीटरनंतर तेवढी जागा झिजते, किंवा तिथे पॅडचा थर चढतो, आणि डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. आता ब्रेक दाबल्यावर जाड भाग पिस्टनला मागे ढकलतो, पातळ भाग पुढे येऊ देतो, आणि ते ठोके ब्रेक ऑईलमधून थेट बोटांपर्यंत येतात. जाडीतला दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरकही जाणवायला पुरतो. दिवसभर गाडी फिरवणाऱ्या या मुलाला महिन्यात तेवढे किलोमीटर सहज होतात. चूक झाली चाक रंगवण्याच्या दिवशी, तक्रार उगवली कित्येक आठवड्यांनी, आणि मधल्या काळात कुणी तो धागा जोडला नाही.

म्हणून डायलबरोबर मायक्रोमीटरही लागतो. डिस्कच्या घेरावर सात-आठ ठिकाणी जाडी मोजायची. किमान जाडी किती हे बहुतेक डिस्कवरच कोरलेले असते. त्याखाली गेलेली डिस्क वाद न घालता बदलायची. काकांनी त्या मुलाच्या डिस्कची जाडी मोजली, फरक नुकता सुरू झाला होता. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने आडव्यातिडव्या घासल्या, पॅडचे तोंड साफ केले आणि तीच डिस्क राहू दिली.

थडथडीची सगळी प्रकरणे अशी हबमध्ये सापडत नाहीत. पॅडचा थर चढण्याचे वर आले, त्याविषयी थोडे सांगायला हवे. शर्यतीच्या गाड्यांचे अभियंते कॅरल स्मिथ यांनी लिहून ठेवले आहे की 'डिस्क उष्णतेने वाकली' या नावाखाली येणाऱ्या तक्रारींच्या मुळाशी बहुधा डिस्कवर कमीजास्त चढलेले पॅडचे द्रव्य असते. त्यांचे निरीक्षण मोटारीच्या ओतीव लोखंडी डिस्कवरचे. दुचाकीची डिस्क स्टेनलेस स्टीलची, चार-पाच मिलिमीटरची आणि उघडी, ती धक्क्याने खरोखर वाकू शकते. तरी द्रव्य चढण्याची गोष्ट तिलाही लागू पडते, आणि आपल्याकडे त्याची शाळा म्हणजे घाट.

पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना आपण सुमारे साडेपाचशे मीटर खाली येतो. गाडी आणि दोन माणसे मिळून २८० किलो धरले तर जवळपास पंधरा लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेच वजन ताशी साठच्या वेगावरून एकदा पूर्ण थांबवायला सुमारे एकोणचाळीस हजार ज्यूल पुरतात. म्हणजे घाट उतरणे हे अशा अडतीस-एकोणचाळीस थांब्यांएवढे काम. काही वाटा हवा आणि इंजिन उचलतात, पण जो गियर न्यूट्रल करून, पेट्रोल वाचवायच्या समजुतीने उतरतो त्याच्या वाट्याची जवळजवळ सगळी उष्णता दोन ब्रेकांत जाते. मग दरीचा फोटो काढायला उतारावर थांबतो आणि पुढचा ब्रेक आवळून धरतो. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कवर एका जागी दाबून राहतो आणि तिथे आपला ठसा सोडतो. पुढे तीच जागा प्रत्येक फेऱ्याला ठोका देते. उतारावर गाडी खालच्या गियरमध्ये उतरवा, थांबल्यावर गियरमध्ये टाकून ब्रेक सोडा. आणि घाट उतरल्या उतरल्या वॉशिंग सेंटरवर नेऊन तापल्या डिस्कवर गार पाण्याचा फवारा मारू नका.

खरोखर वाकलेल्या डिस्क मी पाहिल्या, आणि त्यांची कारणे दोन-तीनच निघाली. गाडी उजव्या किंवा डाव्या, म्हणजे डिस्क असेल त्या कुशीवर पडणे. डिस्क लॉक काढायचे विसरून गाडी पुढे ढकलणे. आणि तिसरे, ज्याकडे कुणाचे लक्ष नसते : पंक्चरच्या दुकानात चाक काढून डिस्कची बाजू खाली करून जमिनीवर टाकणे, वर पाय देऊन टायर उतरवण्यासाठी टामी मारणे. सगळा भार त्या पातळ चकतीवर येतो. पंक्चर काढणाऱ्याला मी दोष देत नाही, रस्त्याच्या कडेला, हवेच्या कॉम्प्रेसरशेजारी, पन्नास-शंभर रुपयांच्या कामासाठी त्याला स्टँड कोण देणार? पण गाडीमालक समोर उभा असतो. चाक टाकण्याआधी डिस्कची बाजू वर ठेवा, किंवा खाली जुना टायर घाला, एवढे सांगायला काही लागत नाही. एबीएसच्या गाडीत तर डिस्कशेजारी दात्यांची एक रिंगही असते आणि सेन्सर तिच्यापासून मिलिमीटरभर अंतरावर असतो. ती रिंग दबली की मीटरवरचा एबीएसचा दिवा विझत नाही.

वाकलेली डिस्क हातोडीने किंवा पान्याच्या जबड्यात धरून सरळ करून देणारे लोक आहेत. मी त्यांच्या विरोधात आहे. सायकलच्या डिस्कला जे चालते ते गाडी आणि माणसे यांचा सगळा भार थांबवणाऱ्या भागाला चालत नाही. डोळ्याला सरळ दिसली तरी तिची जाडी, तिच्यातले ताण, तिच्या बोल्टच्या भोकांची अवस्था कुणी तपासलेली नसते. डिस्क वाकल्याचे मोजून सिद्ध झाले असेल तर नवीच घ्या. तो खर्च मग योग्य खर्च आहे.

सलग घासण्याची तक्रार वेगळी. तिथे डिस्क सरळ फिरत असते, पण कॅलिपर तिच्या मधोमध नसतो किंवा तिच्याशी समांतर नसतो. चाक काढून परत बसवताना डावा-उजवा स्पेसर अदलाबदल झाला, स्पीडोमीटरच्या गियरबॉक्सची जीभ खाचेत न बसता वर राहिली, बेरिंग ठोकताना पूर्ण आत गेले नाही, तर चाकच एका बाजूला सरकते. एक्सल कसण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. आधी एक्सल कसायचा, मग चाक जमिनीवर टेकवून, पुढचा ब्रेक धरून शॉकअप पाच-सहा वेळा खाली दाबायचा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात, आणि मग शेवटी ज्या गाडीला पिंच बोल्ट असेल त्या गाडीचा तो कसायचा. ही शेवटची पायरी घाईत गाळली की शॉकअपचा एक पाय तिरका आवळला जातो आणि कॅलिपर त्याच्याबरोबर तिरका होतो.

याचा पुरावा पॅडवर लिहिलेला असतो. जुने पॅड फेकण्याआधी हातात घेऊन पाहा. आतला आणि बाहेरचा पॅड सारखा झिजला असेल तर ठीक. एक पातळ आणि एक जाड असेल तर सरकत्या कॅलिपरच्या पिना अडकल्या आहेत. एकच पॅड एका टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला जाड असेल तर कॅलिपर तिरका बसलाय किंवा एक पिस्टन चिकटलाय. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या पट्ट्यात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे पिना गंजून अडकणे ही फार नेहमीची गोष्ट आहे. त्या काढून साफ करून, ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावून बसवायच्या. चेनला किंवा बेरिंगला लावायचे पिवळे ग्रीस तिथे लावले तर रबरी बूट फुगतात आणि पिना आधीपेक्षा घट्ट अडकतात. 'डिस्क आउट' म्हणून येणाऱ्या घासण्याच्या तक्रारींत या पिनांचा वाटा सर्वांत मोठा आहे, असे मला ठिकठिकाणच्या मेकॅनिकांनी सांगितले, आणि तो इलाज काही रुपयांच्या ग्रीसचा आहे.

एका गोष्टीचे मला वाईट वाटते. दुचाकीचे ब्रेक बनवणारे कारखाने आपल्याच अंगणात आहेत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला एन्ड्युरन्स आहे, ब्रेम्बो या इटालियन कंपनीच्या बायब्रे नावाच्या कॅलिपरचे घर पुणे आहे, आणि तो ज्या ड्यूक मोटारसायकलवर दिसतो ती चाकणला बनते. वाळूज, चाकण, भोसरी, शिरोली इथे हजारो मुले रोज पाळीत डायल आणि मायक्रोमीटर हाताळतात. आयटीआयच्या पहिल्या वर्षात ही अवजारे शिकवली जातात. आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीशेजारच्या गॅरेजात मात्र त्याच डिस्कचा निकाल बोट लावून दिला जातो. डायल आणि मॅग्नेटिक स्टँड दोन-तीन हजार रुपयांत येतात. अडचण किमतीची नाही. गिऱ्हाईक मोजण्याचे पैसे देत नाही, बदललेल्या भागाचे देतो. अर्धा तास घालवून 'डिस्क चांगली आहे, हब साफ केला' असे सांगणाऱ्याला आपण मजुरी द्यायला कचरतो, आणि पाच मिनिटांत नवी डिस्क ठोकणाऱ्याला बिल चुकते करतो. मग मेकॅनिकने मोजावे तरी कशाला?

घरी ज्याला बघायचे आहे त्याच्यासाठी एक साधा उपाय आहे. पुढचे चाक अधांतरी करून शॉकअपच्या नळीला केबल टायने एक ताठ तार बांधा, तिचे टोक डिस्कपासून कागदाएवढ्या फटीवर आणा आणि चाक फिरवा. फट कुठे मिटते आणि कुठे रुंदावते ते फीलर गेजने बघा. आकडा डायलइतका अचूक मिळणार नाही, पण डिस्क डुलते की सलग एका बाजूला आहे, आणि उंच जागा कुठे आहे, एवढे नक्की कळेल. रस्त्यावरही एक चाचणी होते. थडथड होत असताना क्लच दाबा. ठोके तसेच राहिले आणि गाडी सावकाश होताना विरळ होत गेले तर ते चाकाचे. फक्त जोरात ब्रेक मारताना जलद कुरकुर जाणवत असेल तर ते एबीएस आपले काम करते आहे, त्याला आजार समजू नका. कॅलिपर किंवा पॅड काढून बसवले असतील तर गाडी हलवण्याआधी लिव्हर टणक होईपर्यंत दाबून घ्या, कारण पिस्टन मागे गेलेले असतात आणि पहिला ब्रेक रिकामा जातो. लिव्हर टणक होत नसेल तर गाडी ढकलत गॅरेजला न्या, चालवत नाही.

या दिवाळीत गाडी गॅरेजला टाकणार असाल आणि डिस्क बदलायला सांगितले गेले, तर तीन प्रश्न विचारा : किती मिलिमीटर आउट आहे, डिस्क फिरवून बसवल्यावर उंच जागा हलली का, आणि हबचा पृष्ठभाग साफ करून पाहिला का. उत्तरे देणारा मेकॅनिक मिळाला तर त्याने डिस्क बदलली नाही तरी तपासणीची पूर्ण मजुरी न मागता द्या, आणि त्याचा पत्ता मित्रांना सांगा.